नालेसफाईचे पैसे कुठल्या तारखेला संपले?

मंडळी, अंदाजपत्रक आलं की बातमी ठरलेली असते. इतक्या कोटींचं, इतक्या शिलकीचं, करवाढ नाही. पुढे वर्षभर कुठल्या हेडमधून किती गेले, हे कोणी विचारत नाही. वार्षिक हिशेबात एकूण खर्च कळतो, पण तो ३१ मार्च उलटल्यावर. वराती मागून घोडं!

माझी मागणी साधी आहे. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेने दर महिन्याला प्रत्येक लेखाशीर्षाची चालती बेरीज संकेतस्थळावर टाकावी.

समजा, नालेसफाईला ४० लाख ठेवलेत (आकडा उदाहरणापुरता). जूनअखेर ३६ लाखांची बिलं गेली. उरले ४ लाख, आणि पावसाळा तर अजून पडायचाय. हे जुलैत दिसलं तर हेंद्रेपाडा, रमेशवाडीचा माणूस नगरसेवकाला गाठून विचारेल, आता नाला तुंबला तर पैसे कुठून आणणार? २००५ आणि २०१९ चा जुलै ज्यांच्या घरात शिरला, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

‘किचकट काम आहे, माणसं नाहीत’ हे उत्तर येणारच. किचकट कसलं! एक्सेलमध्ये चार रकाने करा: तारीख, लेखाशीर्ष, रक्कम, चालती बेरीज. चौथ्यात ‘समइफ’ हे सूत्र. त्यात पहिल्या ओळीच्या पत्त्याला डॉलरचं चिन्ह लावून ती पक्की करायची, शेवटची ओळ मोकळी ठेवायची आणि सूत्र खाली ओढत न्यायचं. प्रत्येक ओळीसमोर त्याच शीर्षाची तोपर्यंतची बेरीज येते. मध्ये रस्त्यांची दहा बिलं आली तरी नाल्याची बेरीज हलत नाही. ओळी फक्त तारखेप्रमाणे लावलेल्या हव्यात. बचत गटाची ताई वहीत सभासदवार हेच करते, तेही कॉम्प्युटरशिवाय.

एक गोम मात्र आहे. एकाने ‘नालेसफाई’ लिहिलं, दुसऱ्याने ‘नाले सफाई’, की कॉम्प्युटरला ती दोन वेगळी शीर्षं. बेरीज फुटते आणि खर्च कमी दिसतो. म्हणून नावाऐवजी अंदाजपत्रकातला कोडच टाकायचा. शिवाय कार्यादेश दिलेत पण बिल निघालेलं नाही, अशा रकमांचा वेगळा रकाना हवा. नाहीतर शिल्लक फसवी. आणि एका शीर्षातून दुसरीकडे पैसे वळवले, तर तीही ओळ तारखेसकट दिसली पाहिजे. खरी गंमत तिथेच असते.

ही मेहेरबानी नाही हो. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार अंदाजपत्रक, प्रस्तावित खर्च आणि दिलेल्या रकमांचे अहवाल कोणी अर्ज न करताही जाहीर करायचे असतात. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून महिनाभर वाट का बघायची?

२०१५ नंतर नगरपरिषदेची निवडणूक झाली ती थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मधली साडेपाच वर्षं प्रशासक होते, सभागृहात विचारणारं कोणी नव्हतं. आता नगरसेवक आहेत. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव कोण मांडतंय? आपापल्या प्रभागातल्या नगरसेवकाला इथे टॅग करा.