डाग येथे, उगम कोठे?



शहरात जागा अपुरी पडू लागली, तशी तळघरे आता अडगळीपुरती राहिलेली नाहीत. कोठे तळघरात अभ्यासिका चालते, कोठे दवाखाना, तर कोठे दुकान. भिंतींवर प्लायवूड, खाली गुळगुळीत फरशी, वर फॉल्स सीलिंग असा सगळा थाट असतो. आणि एके दिवशी कोपऱ्यात ओल दिसते, रंगाचे पोपडे सुटू लागतात. मग काय होते? गवंडी येतो, डागावरचा गिलावा खरवडतो, जलरोधक मसाला भरतो आणि वरून रंग देतो. चार महिन्यांनी तोच डाग हातभर पलीकडे उमटतो. पुन्हा गवंडी, पुन्हा खर्च! यात गवंड्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला दुरुस्ती करायला सांगितले होते. शोध घ्यायला कोणी सांगितलेच नव्हते.

माझे म्हणणे असे आहे की, गळतीचा शोध हा भिंत फोडण्यापूर्वी करावयाचा एक शास्त्रीय प्रयोग आहे आणि तो शाळेतल्या मुलांनाही करता येईल. प्रयोगवहीतल्या कित्येक प्रयोगांपेक्षा तो अधिक अस्सल आहे, कारण त्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात आधी छापलेले नसते.

प्रथम पाणी आपल्याला कसे फसवते ते पाहू. पाणी उताराकडे जाते हे खरे. पण विटा, गिलावा व काँक्रीट यांच्या सूक्ष्म छिद्रांतून ते केशाकर्षणाने वरही चढते. विजेच्या तारांसाठी बसवलेल्या नळीतून ते दूरवर वाहत जाते. प्लायवूडच्या मागे उतरून जेथे फट मिळेल तेथे बाहेर पडते. म्हणजे डाग हे पाण्याचे बाहेर पडण्याचे ठिकाण झाले. ते आत शिरले कोठून, हे डाग सांगत नाही. तळघर जितके सजवलेले, तितकी ही वाट अधिक झाकलेली.

म्हणून आरंभ संशयितांच्या यादीने करावा. तळघरात साधारणपणे सहा संशयित असतात: पावसाचे पाणी, जमिनीतले भूजल, नळाची वाहिनी, सांडपाण्याची वाहिनी, शेजारची जमिनीखालची टाकी आणि चक्क खोलीतली हवा. अमेरिकन भूशास्त्रज्ञ थॉमस चेंबरलिन यांनी १८९० साली एका लेखात असा सल्ला दिला होता की, संशोधकाने एकच तर्क धरून बसू नये, एकाच वेळी अनेक तर्क समोर ठेवावेत. एकुलत्या एका तर्कावर आईबापांसारखी माया जडते आणि मग त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा डोळ्यांना दिसेनासा होतो. ‘वरच्यांचा संडासच गळतोय’ असे पहिल्याच दिवशी जाहीर करणारे गृहस्थ तुम्ही पाहिले असतीलच!

यादी झाली की एक वही घाला. रोज ठरावीक वेळी डागाची कड पेन्सिलीने आखा आणि तारीख लिहा. पाऊस किती पडला, नळाला पाणी केव्हा आले, टाकी केव्हा भरली, याचीही नोंद करा. पंधरा दिवसांत वही बोलू लागते. ओल ठरावीक वेळच्या पाणीपुरवठ्यानंतर वाढत असेल, तर नळाच्या वाहिनीवर संशय घ्या. मोरी वापरल्यावरच वाढत असेल, तर सांडपाण्याची वाहिनी पाहा. मोठ्या सरीनंतर काही तासांत येऊन पाऊस थांबल्यावर हटत असेल, तर बाहेरच्या भिंतीतली फट किंवा तुंबलेली पन्हळ शोधा. आणि पाऊस संपल्यावरही कित्येक आठवडे ओल टिकत असेल, तर ते भूजल असू शकेल. दख्खनच्या पठारावर पाणी मुरुमातून आणि काळ्या पाषाणाच्या भेगांतून सावकाश झिरपते, म्हणून विहिरींची पातळी पावसाळ्याच्या अखेरीस सर्वांत वर असते. उलट भर वैशाखातही भिंत ओलीच राहिली, तर बिचाऱ्या पावसाला सोडून द्या!

आता कसोट्या. पहिली कसोटी हवेची. वातानुकूलनाने भिंत थंड झाली आणि बाहेरची दमट हवा आत आली, तर वाफेचे सांद्रीभवन होऊन भिंतीला घाम फुटतो. हातभर लांबरुंद प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवसांनी पाहा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील, तर ते हवेतून आले. भिंतीकडच्या बाजूला असतील, तर भिंतीतून आले.

दुसरी कसोटी टाकीची. रात्री टाकीत येणारे आणि टाकीतून जाणारे पाणी बंद करा, पातळी मोजा व सकाळी पुन्हा मोजा. टाकीचा तळ ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद असेल, तर पातळी १ सेंटिमीटरने उतरणे म्हणजे ६० लिटर पाणी नाहीसे होणे. हिशेब स्वतः करून पाहा.

तिसरी कसोटी बाहेरच्या भिंतीची. कोरड्या दिवसात भिंतीवर नळीने पाणी सोडावे, पण तळापासून सुरुवात करून एकेक पट्टा वर जावे व प्रत्येक पट्ट्यानंतर थोडे थांबावे. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळी भिंत भिजवतो आणि पाणी कोणत्या फटीतून आत शिरले ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम येथेही लागू आहे.

चौथी कसोटी रंगाची. मोरीच्या जाळीत खाण्याचा रंग विरघळवून सोडा आणि तळघरात तो रंग येतो का ते पाहा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत मात्र रंग टाकू नये. या साध्या युक्तीने एकदा एका नदीचे कोडे सुटले होते. जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी चुनखडकाच्या भेगांत गडप होते. १८७७ साली तेथे फ्लुओरेसिन हा रंग १० किलो सोडला. सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटर दूरच्या आख झऱ्याचे पाणी हिरवेगार झाले! काळ्या समुद्राकडे जाणाऱ्या नदीचे पाणी जमिनीखालून ऱ्हाइनच्या खोऱ्यात, म्हणजे उत्तर समुद्राच्या वाटेला लागलेले निघाले. भिंतीतल्या पाण्याने हातभर अंतर कापले, तर त्यात नवल ते काय?

कसोट्यांनाही मर्यादा असतात. भूजल बहुधा कठीण असते व साबणाला फेस कमी देते, म्हणून कोणी साबणाने परीक्षा घेऊ म्हणेल. पण काँक्रीटमधून झिरपताना मऊ पाणीही चुना विरघळवून घेते आणि कठीण होते. तसेच रंग दिसला नाही म्हणून वाहिनी निर्दोष ठरत नाही. रंग मातीत अडकलेलाही असेल.

तुम्ही म्हणाल, ‘एवढा खटाटोप कशाला? आता ओल मोजणारी यंत्रे आहेत, उष्णता टिपणारे कॅमेरे आहेत.’ आहेत खरे, आणि ते उपयोगीही आहेत. पण यंत्र सांगते की भिंत कोठे ओली अथवा थंड आहे. ती का ओली आहे, हे ठरवायला वही आणि डोकेच लागते.

आणि हा खटाटोप केवळ रंग वाचवण्यासाठी नाही. मुरलेल्या पाण्याने काँक्रीटमधले लोखंडी गज गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वरून रंग लावला की गंजणे थांबत नाही, फक्त दिसेनासे होते. शिवाय भूजलाची पातळी तळघराच्या फरशीपेक्षा ३ मीटर वर असेल, तर भिंतीच्या पायथ्याशी दर चौरस मीटरवर सुमारे ३ टन भार येतो. त्यापुढे आतून दिलेल्या रंगाचा काय पाड? तेथे बाहेरच्या पाण्याला वाट करून देणे हाच उपाय. उगम चुकला की उपायही चुकतो. आणि उगीचच ठपका आलेल्या शेजाऱ्याशी वर्षानुवर्षे अबोला होतो, तो वेगळाच.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. तळघर नसले तरी पावसाळ्यात ओल न येणारी शाळेची इमारत विरळाच. त्यातली एक ओली भिंत नववीच्या वर्गाला वर्षभर नेमून द्यावी. मुलांनी यादी करावी, वही ठेवावी, एकेक तर्क तपासावा. गुण मात्र उगम सापडला की नाही यावर देऊ नयेत. स्वतःचा आवडता तर्क पुराव्यानिशी खोडणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळावेत.

मित्रांनो, एक सूचना विसरू नका. ओल्या भिंतीत विजेची तार किंवा बटण असेल, तर तिला हात लावू नका. मोठ्या माणसांकडून मुख्य बटण आधी बंद करून घ्या. मग पेन्सिल घ्या आणि आजच्या ओलीची कड आखा. गवंड्याला नक्कीच बोलवा, पण वही भरल्यावर. तो आला की डागाबरोबर ती वहीही त्याच्यापुढे ठेवा.