चालायला जा म्हणे!

मला साखर निघाली तेव्हा आमच्या निपाणीच्या घरात पहिला प्रश्न आला, “तू तर बारा महिने सूर्यास्ताच्या आत जेवतेस, कांदा-बटाटा नाही, मग तुला कशी झाली?” वर्षभर आधी ह्यांना झाली होती. दुसऱ्या दिवसापासून मेटफॉर्मिन सुरू. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मला मात्र बस्तीतल्या चारजणींनी बजावलं, “गोळीच्या नादी लागू नको, लागली की सुटत नाही. पथ्य कर, चाल.”

एचबीएवनसी ८.४ होतं. तरी मी चौदा महिने त्यांचं ऐकलं.

पथ्याला नावं ठेवायला मी बसलेली नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ अभ्यासात वजन उतरवून वर्षभरात ४६ टक्के लोकांची साखर गोळीशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली. एवढं आपल्याकडे सगळ्यांना पाठ. पुढचं कुणी सांगत नाही. त्या सगळ्यांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता. तीन ते पाच महिने दिवसाला जेमतेम साडेआठशे कॅलरीचं पातळ अन्न, आणि पाठीशी शिकलेलं माणूस. एवढं करूनही निम्म्याहून जास्त जणांना जमलं नाही. ते काय सगळे जिभेचे गुलाम होते? या आजारात इन्सुलिन करणाऱ्या पेशीच वर्षानुवर्षं थकत जातात. त्याला माझं व्रत काय करणार?

आणि चालायला जा म्हणे! कधी? दिवस मावळायच्या आत आठ माणसं जेवायला बसवायची म्हणजे चारपासून मी शेगडीपुढं. ह्यांचं फिरणं नेमकं त्याच वेळी. येतात, हात धुतात, ताटावर बसतात. त्यांची साखर ‘फिरण्यानं’ आटोक्यात आणि माझी ‘खाण्यानं’ वाढलेली! सणाची हुग्गी ढवळायची मी, उरलेली संपवायचीही मीच, कारण अन्न टाकायचं नाही.

त्यात दशलक्षणाचे उपवास. माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का, ग्लिमेपिराइड घेऊन उपवासाला बसल्या. ती गोळी पोटात अन्न नसलं तरी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. सातव्या दिवशी बस्तीत घामाघूम होऊन कोसळल्या. बायका म्हणाल्या, “बघा, गोळ्यांनी काय केलं!” अगं बायांनो, डॉक्टरांना आधी विचारलं असतं तर त्यांनी गोळी बदलली असती, नाहीतर उपवास करू नका म्हणून सांगितलं असतं. पण विचारायला लाज. तपाचं पुण्य कमी होईल ना! सोळाकारण भावना आपण सगळ्या म्हणतो. त्यात शक्तितस्त्याग आहे, शक्तितस्तप आहे. शक्तीप्रमाणे, असं तिथं सरळ म्हटलेलं आहे. आक्कांची शक्ती त्या दिवशी ग्लुकोमीटरवर ४८ दिसत होती.

चौदा महिन्यांनी माझं एचबीएवनसी ९.१ निघालं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसले. हे ठिपके त्या चारजणींपैकी कुणी वाटून घेणार आहे का?

त्या दिवसापासून गोळी घेते, नाश्त्याबरोबर, सगळ्यांदेखत. भात निम्मा केलाय, हुग्गी चमचाभर. आणि साडेचारला घराबाहेर पडते. भाज्या ह्यांनी चिरायच्या आणि कणीक सुनेनं नाही, मुलानं मळायची, असं ठरलंय. दोन दिवस नीट झालं. काल निघाले तर हे म्हणाले, “आणि जेवणाचं?”

मी चपला घातल्या.