वेशीवरचे चित्र आणि मेदिनीपूरचे चित्र



निवडणूक आली की वेशीवर फलक लागतात. कुणी विरोधकाला गाढवाचे कान काढतो, कुणी त्याला खुर्चीला चिकटवतो. पारावर हशा होतो, कधी डोकीही फुटतात. असल्या चिथावणीच्या चित्राला कला म्हणावे का? गाढवाचे कान कुणालाही काढता येतात, असे माझे मत. पण म्हणून चिथावणारे प्रत्येक चित्र त्याच दावणीला बांधू नका.

चित्तप्रसाद भट्टाचार्य हे बंगाली चित्रकार. जन्म १९१५ चा. पुढे बरीच वर्षे ते मुंबईत अंधेरीला राहिले. १९४३ साली बंगालात लाखो माणसे उपासमारीने आणि रोगराईने गेली. दुष्काळ म्हटले की आपल्याला कोरडी विहीर दिसते; तिथे तसे नव्हते. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूर जिल्ह्यात वादळ झाले, समुद्राचे खारे पाणी भातखाचरांत शिरले. ब्रह्मदेश जपानने घेतल्याने तिकडचा तांदूळ बंद. युद्धाच्या नावाखाली सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या. व्यापाऱ्यांनी माल दडवला, भाव भडकले. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, तो आधी गेला.

नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद त्या जिल्ह्यात गावोगाव हिंडले. काळ्या शाईने त्यांनी समोर दिसेल तो माणूस काढला, त्याची हकीकत लिहून घेतली. त्याचे ‘हंग्री बेंगॉल’ नावाचे छोटे पुस्तक निघाले. सरकारने जवळपास ५००० प्रती जप्त करून जाळल्या.

तुम्ही म्हणाल, हा तर कम्युनिस्ट पक्षाचा माणूस, म्हणजे प्रचारच की! खरे आहे. बघणाऱ्याला चीड यावी म्हणूनच त्यांनी ती चित्रे काढली, आणि हे कधी लपवले नाही. त्यांच्या काही भित्तिपत्रांतला मूठ आवळलेला कामकरी मला तितकासा भावत नाही. तो सगळीकडे सारखाच. मेदिनीपूरचा माणूस मात्र सारखा नाही. एकेकाच्या बरगड्या वेगळ्या, बसण्याची ढब वेगळी. राग सरकारवरचा, पण हात थांबलेला आहे तो त्या माणसापाशी.

आता आपल्या वेशीवर या. भेगाळलेल्या जमिनीवर डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी तुम्ही पाहिला असेल. आज या पक्षाच्या फलकावर, उद्या त्या. तो कुठल्या गावचा, त्याची किती एकरं, देणे कुणाचे, हे फलक लावणाऱ्याने विचारलेले नसते. मग आपल्याला चीड येते, पण त्याची ओळख होत नाही.

चित्तप्रसाद १९७८ साली वारले. जाळपोळीतून पुस्तकाची एक प्रत घरच्यांनी जपली होती. तिच्यावरून २०११ साली ते पुस्तक जसेच्या तसे पुन्हा छापले गेले.