दुखऱ्या गुडघ्याचा वस्ताद कोण?

सिंगापूरच्या चायनाटाउनमध्ये एक-दोन पिढ्यांपूर्वी कुंग-फूचा गुरू आणि हाडवैद्य हा बऱ्याचदा एकच माणूस असे. चेल्याला डाव शिकवायचा त्यानंच, आणि घोटा मुरगळला की औषधी अर्क चोळून पट्टी बांधायची तीही त्यानंच. या विद्येला तिथले कॅन्टोनीज लोक ‘दिट दा’ म्हणतात. मलाय सिलाटच्या परंपरेत ‘उरुत’ म्हणजे मालिश जाणणारे हात असत. कोल्हापूरकराला यात नवल वाटायचं कारण नाही. गंगावेश असो की मोतीबाग, उतरलेला खांदा बसवणं, तेल लावून रग काढणं हे तालमीतच उरकायचं.

सिंगापूरनं ही जोडी कायद्यानं वेगळी केली. पारंपरिक चिनी वैद्यकाचा कायदा 2000 साली आला आणि वैद्यांना नोंदणी सक्तीची झाली. 2011 च्या कायद्यानं फिजिओथेरपिस्टही नोंदणीखाली आले. प्रशिक्षकांची राष्ट्रीय नोंदणी 2003 पासून आहे आणि तिच्यासाठी प्रथमोपचाराचं शिक्षण लागतं. हे उत्तमच झालं. फ्रॅक्चरला लचक समजून चोळणाऱ्या हातांची आठवण काढून गहिवरण्यात आम्हाला रस नाही.

पण या वाटणीत एक गोष्ट कुणाच्याच वाट्याला आली नाही. जुना वस्ताद चेल्याला रोज बघत असे. उजव्या पायावर बैठक मारताना हा किंचित डावीकडे झुकतो, हे त्याला चेल्याच्या आधी कळे. आज फिजिओ आठवड्यातून अर्धा तास बघतो आणि तोही मॅटवर नाही, टेबलावर. आपण प्रशिक्षक सगळा आठवडा बघतो, पण दुखणं हा आपला विषय नाही असं ठरवून बसलो आहोत. दोघांचं एकमेकांशी बोलणं जवळजवळ नाही.

अचानक होणाऱ्या दुखापतीचं बरं असतं. गुडघा फिरला, आवाज आला, सूज चढली, की सगळे धावतात. तिला आवर घालायला नियमही असतात. ज्युदोनं तर 1925 पर्यंतच कोपर सोडून बाकीच्या सांध्यांवरचे डाव स्पर्धेतून काढून टाकले होते. चिवट दुखण्याला असा मुहूर्त नसतो. ग्रिप पकडून पकडून बोटांची पेरं सुजतात, वाटीखालची कंडरा किरकिरते, खांदा रात्री त्या कुशीवर झोपू देत नाही.

सिंगापुरात जिऊ-जित्सू किंवा मुए थाई शिकणाऱ्यांत नोकरदारांचा भरणा मोठा आहे, आणि त्यांत आपली मराठी मंडळीही दिसतात. दिवसभर खुर्ची, संध्याकाळी एमआरटीनं थेट मॅटवर. चाळिशीच्या या माणसाचा कोपर दुखायला लागला की त्याला दोनच सल्ले मिळतात. वर्गातला सांगतो, होतं असं, चालू ठेव. घरचे सांगतात, महिनाभर बंद कर. आमच्या मते दोन्ही सल्ले आळशी आहेत.

महिनाभर बंद ठेवल्यावर दुखणं थांबतं हे खरं, पण तेवढ्यात कंडरेची भार पेलण्याची ताकदही उतरते. मग पहिल्याच दिवशी जुन्या जोमानं स्पारिंग केलं की तेच दुखणं परत येतं, आणि माणूस म्हणतो, विश्रांतीनंही फरक पडला नाही. सांध्याच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दाब पडणं आणि सुटणं यातूनच तिला पोषण मिळतं. थोडक्यात, दुखऱ्या सांध्यालाही काम हवं असतं, फक्त किती हे कुणीतरी ठरवावं लागतं. 2015 साली व्हॉलीबॉलपटूंवरच्या एका छोट्या अभ्यासात गुडघा एकाच कोनात ठेवून 45 सेकंदांचा जोर पाच वेळा लावल्यावर वाटीखालच्या कंडरेची वेदना काही काळ बरीच उतरली. हा उतारा सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, पण मॅटवर उतरण्याआधी करून बघण्यासारखा आहे. उलट स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल 2010 च्या एका मोठ्या आढाव्यानं दाखवलं, की कोपराच्या चिवट दुखण्यात ते पहिले काही आठवडे आराम देतं आणि पुढे मात्र न घेणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांचीच स्थिती वाईट असते. स्पर्धेच्या तोंडावर चेल्याला त्या सुईकडे ढकलणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

टायगर बामबद्दलही एक शब्द. सिंगापूरहून परतणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत तो असतो आणि आमचा त्याला विरोध नाही. पण कापूर आणि मेंथॉल कातडीखालच्या नसांना दुसरीकडे गुंतवतात, कंडरेचं काही दुरुस्त करत नाहीत. बाम लावून वेदना दबली म्हणून जोरात खेळणं हा हिशोब महागात पडतो.

सोसण्याचं कौतुक तर आपल्या रक्तातच. 2021 साली टोकियोत बजरंग पुनियानं गुडघ्याची पट्टी काढून कांस्यपदकाची कुस्ती 8-0 नं जिंकली, तेव्हापासून ती गोष्ट वर्गावर्गात सांगितली जाते. ती ऑलिम्पिकमधली शेवटची कुस्ती होती. मंगळवारच्या सरावाला तिचा दाखला देऊ नये. आणि सांगायचीच तर खाशाबा जाधवांचीही सांगावी. हेलसिंकीच्या 1952 च्या पदकानंतर त्यांची पुढची ऑलिम्पिकवारी हुकली ती गुडघ्यामुळे.

प्रशिक्षकानं करावं काय? निदान करू नये, ते आपलं काम नाही. गुडघा अडकतो, दगा देतो, काही तासांत सुजतो, हाताला मुंग्या येतात, विश्रांतीतही रात्री ठणका लागतो, असं काही असेल तर थेट डॉक्टर. बाकीच्यांसाठी प्रश्न बदलावा. ‘दुखतंय का?’ याचं उत्तर वर्गात सगळ्यांसमोर नेहमी ‘नाही सर’ असंच येतं. ‘काल सकाळी स्टेशनचा जिना उतरताना कसं वाटलं?’ असं विचारलं की माणूस बोलतो. सरावात थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं, तर भार बरोबर होता. सकाळी जास्त दुखलं, तर कालचा भार जास्त होता. मग त्याला घरी न बसवता पकड सोडून द्यावी, उडी मारून मारायची लाथ काढून टाकावी, जमिनीवरचं काम द्यावं, जोडीदार बदलावा. फिजिओनं दिलेला कागद मागून घ्यावा आणि फिजिओलाही सांगावं, की याचा कोपर आर्मबारमधून उशिरा टॅप केल्यानं दुखतो, संगणकानं नव्हे.

चाळीस जणांच्या वर्गात हे कसं जमायचं, असं काही वाचक विचारतील. हजेरी घेतोच ना आपण? नावापुढे एक जादा रकाना आखावा, त्यात सांधा आणि कालची सकाळ एवढंच लिहावं. फीची नोंद ठेवायला आपल्याला कधी वेळ कमी पडलेला नाही.