जीर्णोद्धार आणि शेवटची रांग

जुन्या नाट्यगृहाचा जीर्णोद्धार झाला की स्तुतीला पूर येतो. परंतु ती सारी स्तुती झुंबरांची, सोनेरी नक्षीची आणि मखमली आसनांची असते. शेवटच्या रांगेतील मनुष्याला नटाचा शब्द ऐकू आला की नाही, हे कोणीच सांगत नाही. या एकांगी रसिकतेचा निषेध करणे आम्हांस अवश्य वाटते.

मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस घ्या. 1911 साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या वास्तूत बालगंधर्व व दीनानाथ गायले. पुढे तेथे बोलपट आला आणि 1993 साली दारांना कुलूप लागले. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती होऊन 2016 च्या ऑक्टोबरात ते पुन्हा उघडले, हे निःसंशय अभिनंदनीय होय. परंतु त्या घुमटाचे गोडवे गाणाऱ्यांना एका गोष्टीचा विसर पडतो. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात गायकाचा आवाज वरच्या गॅलरीपर्यंत स्वच्छ पोचावा, अशी या वास्तूची रचना होती. स्वस्त तिकिटाच्या मनुष्यालाही कान असतात, ही जाण शंभर वर्षांपूर्वीच्या बांधणाऱ्यांना होती. आजच्या स्तुतिपाठकांना ती असू नये काय?

कोणी म्हणेल, सौंदर्य हाही प्रेक्षकाच्या आनंदाचाच भाग आहे. मान्य! परंतु कळस झळकतो म्हणून गाभाऱ्यातील समई विझलेली चालते काय? आमच्या पांढरकवड्याचा रसिक अवघा महाराष्ट्र ओलांडून मुंबईस जातो, तो झुंबरे मोजण्यासाठी खास नव्हे. आमच्या पूर्वेस झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र रात्र नाटके चालतात. तेथील मांडवाला सोन्याचा वर्ख नसतो. तरी प्रेक्षक पहाटेपर्यंत हालत नाही, कारण नाटक त्याच्यापर्यंत पोचते.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीत 1915 साली उभे राहिलेले कोल्हापूरचे नाट्यगृह, ज्याला पुढे केशवराव भोसले यांचे नाव मिळाले, ते 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीच, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. ‘पूर्वीसारखेच उभारा’, अशी हाक तेव्हा उठली. ती योग्यच होती. पण ‘पूर्वीसारखे’ म्हणजे केवळ दर्शनी भिंत नव्हे. आमची सूचना साधी आहे. अशा कोणत्याही वास्तूच्या उद्घाटनापूर्वी ध्वनिक्षेपक बंद ठेवून रंगमंचावर एक पद गाववावे आणि व्यवस्थापक मंडळींना शेवटच्या रांगेत बसवावे. पद ऐकू आले, तर खुशाल फीत कापावी.