हिरवी पट्टी खोटं बोलते

एका पतसंस्थेच्या शाखेत पिग्मीच्या नोंदी भरणाऱ्या बाईंनी दुपारचा डबा खाऊन पुन्हा काम सुरू केलं. ४७ नोंदी भरल्या. दर नोंदीनंतर पडद्यावर हिरवी पट्टी आली, ‘नोंद जतन झाली’. संध्याकाळी रोकड आणि नोंदी जुळेनात. डेटाबेसमध्ये त्या ४७ पैकी एकही नोंद नव्हती. शाखाधिकाऱ्यांनी बाईंनाच जाब विचारला, कारण कॉम्प्युटर चुकत नाही ही त्यांची पक्की समजूत.

कॉम्प्युटर चक्क खोटं बोलत होता, आणि हे त्याला आम्हा प्रोग्रामरांनी शिकवलं आहे.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला, सेशन मुद्दाम संपवलं आणि एक नोंद भरली. एका क्लिकवर दोन ओळी उमटल्या. वरची पोस्ट, स्टेटस ३०२. खालची गेट, पत्ता लॉगिनच्या पानाचा, स्टेटस २००. बाईंचं सेशन जेवणाच्या सुट्टीत संपलं होतं. सर्व्हरने लॉगिनकडे बोट दाखवलं, फेच निमूट तिकडे गेला आणि लॉगिनचं पान घेऊन आला. पान नीट मिळालं, म्हणून २००. कोडमध्ये तपासणी एकच होती, रिस्पॉन्स.ओके, आणि ती खरी ठरली. पोस्टचं गेट होताना नोंदीचा मजकूर वाटेतच गळून पडला, त्याची कुठे दाद ना फिर्याद.

फेचला काही सांगितलं नाही तर तो असे वीस रीडायरेक्ट न कुरकुरता पाळतो. जुन्या एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टला तर थांबवायची सोयच नव्हती. ३०२ वर पोस्टचं गेट करणं चूक आहे, हे १९९६ सालच्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजातच लिहिलं होतं. ब्राउझरांनी ते मानलं नाही, आणि २०१४ च्या आवृत्तीने ‘ऐतिहासिक कारणांमुळे’ तशी मुभा देऊन टाकली. मेथड आणि मजकूर शाबूत ठेवायला ३०७ आणि ३०८ आहेत. ते वापरणारे एपीआय मला क्वचितच भेटतात.

पण ब्राउझरवर खापर फोडून सुटका नाही. माणसासाठी बनवलेलं पान लॉगिनकडे वळवणं रास्त आहे. पलीकडे माणूस बसलेला असतो, त्याला लॉगिनची चौकट दिसते. एपीआयच्या पलीकडे कोड असतो. त्याला ४०१ हवा. सेशन संपल्यावर ३०२ देणारा एपीआय बिघडलेला आहे, मग त्याचं डॉक्युमेंटेशन कितीही देखणं असो.

आणि जावास्क्रिप्ट लिहिणारे? जेसन वाचताना ‘अनएक्स्पेक्टेड टोकन <’ अशी एरर येते. तो < म्हणजे लॉगिनच्या एचटीएमएलचं पहिलं अक्षर, गुन्ह्याचा ढळढळीत पुरावा. आमची मंडळी तो ट्राय-कॅचमध्ये गाडून टाकतात. लॉगिन दुसऱ्या डोमेनवर असेल तर हेच दुखणं कॉर्सची एरर होऊन येतं, आणि मग कोणीतरी सर्व्हरच्या हेडरमध्ये चांदणी टाकून मोकळा होतो. याला मी आळस म्हणत नाही, बेपर्वाई म्हणतो. त्या पट्टीवर विसंबून कोणीतरी रोकड मोजत असतं.

उपाय एका ओळीचा आहे. डेटा लिहिणाऱ्या प्रत्येक विनंतीत ‘रीडायरेक्ट’ला ‘एरर’ ही किंमत द्या. सर्व्हरने वळवायचा प्रयत्न केला की फेच तिथेच नापास होईल. जिथे रीडायरेक्ट पाळणं भागच आहे तिथे रिस्पॉन्स.रीडायरेक्टेड आणि रिस्पॉन्स.यूआरएल तपासा. आणि हिरवी पट्टी तेव्हाच दाखवा, जेव्हा सर्व्हरने नव्या नोंदीचा क्रमांक परत दिला असेल.

त्या बाईंनी पावतीपुस्तकावरून ४७ नोंदी पुन्हा भरल्या, शाखा बंद झाल्यावर थांबून. आज घरी निघण्याआधी तुमच्या ॲपमध्ये लॉगिन करा, सेशनची कुकी पुसा आणि एक फॉर्म भरून पाहा. पट्टी हिरवी आली, तर घरी जाऊ नका.