गाडी ठेवून घ्या, पण विकू नका!

लॉन्ड्रीत पाटी असते, "तीस दिवसांत कपडे न नेल्यास आम्ही जबाबदार नाही." ती वाचून आपण हसतो. पण शर्टाच्या जागी मोटार असेल तर?

आमच्या आनंदनगरला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गॅरेज आहे. तिथे एक मोटार सव्वा वर्ष पडून आहे. इंजिनचं काम झालं, अठ्ठावीस हजारांचं बिल झालं, आणि मालकाचा फोन लागेनासा झाला. दोन गाड्यांची जागा अडली आहे ती वेगळीच. त्याने मला विचारलं, "सर, विकून टाकू का?" (निवृत्त मास्तरला लोक काहीही विचारतात!)

मी त्याला सांगितलं, नको. १८७२ च्या करार कायद्याचं १७० वं कलम कारागिराच्या बाजूचं आहे. वस्तूवर मेहनत किंवा कसब खर्च केलं असेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. यालाच धारणाधिकार म्हणतात. कायद्यातलीच उदाहरणं मला फार आवडतात. जवाहिऱ्याने हिऱ्याला पैलू पाडले, तर पैसे मिळेपर्यंत तो हिरा ठेवून घेऊ शकतो. पण शिंप्याने "कोट झाला की देतो, पैसे तीन महिन्यांनी द्या" असं कबूल केलं असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. म्हणजे "पैशांचं नंतर बघू, गाडी न्या" हा आपल्याकडचा भिडस्तपणा कायद्याला चालत नाही.

पण हे कलम ठेवून घ्यायचा हक्क देतं, विकायचा नाही. गहाणदाराला पूर्वसूचना देऊन विकता येतं, ते १७६ वं कलम वेगळं. गॅरेजवाल्याने परस्पर विकली, तर उलट त्याच्यावरच विश्वासघाताची फिर्याद व्हायची. शिवाय मालकाच्या सहीशिवाय आरटीओत गाडी नावावर होणार कशी? जागाभाड्याचा तर १७० मध्ये उल्लेखच नाही. १८६० साली इंग्लंडमध्ये एका जहाजदुरुस्तीवाल्याने पैशांसाठी अडवून ठेवलेल्या जहाजाचं गोदीभाडं मागितलं होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने नाही म्हटलं. स्वतःच्या हक्कासाठी अडवलंत, तर खर्चही तुमचाच!

मग उरतो दावा. तोही काम झाल्यापासून तीन वर्षांत. अठ्ठावीस हजारांसाठी किती जण कोर्टाची पायरी चढतील? म्हणून मी त्याला म्हटलं, गाडी घेतानाच जॉब कार्डवर लिहून सही घे की काम झाल्यावर इतक्या दिवसांनी रोजचं इतकं भाडं. या गाडीसाठी मात्र आधी लेखी नोटीस, मग वकील.

गाडीमालकांचीही बाजू आहे, नाही असं नाही. फुगवलेली बिलं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. विकायचा हक्क सरसकट दिला, तर उद्या आजारी माणसाची गाडीही लिलावात जाईल. पण ज्यांचा कायदा आपण घेतला त्या इंग्लंडने १९७७ मध्ये यावर तोडगा काढला. नोटीस द्या, मुदत द्या, मग विका, आपले पैसे कापून उरलेले मालकाचे. आपण अजून १८७२ मध्येच. एवढी सुधारणा करायला हरकत काय आहे, हे मला कुणी वकील वाचकाने जरूर सांगावं.